तीन शनिवारांची पाहणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय उत्तरेश्वर घोलप साहेब, शहर समाजसेवा देखरेख समितीचे मावळते अध्यक्ष आणि आजचे सत्कारमूर्ती माननीय बद्रीनाथराव निगुडकर, सौभाग्यवती निगुडकर वहिनी, व्यासपीठावर बसलेले आणि व्यासपीठावर जागा न उरल्यामुळे पहिल्या रांगेत बसलेले मान्यवर, समितीतले माझे सहकारी, शेवटच्या पाच रांगा भरून बसलेल्या माझ्या मैत्रिणी आणि त्यांच्या कडेवरचे पाहुणे, या सर्वांना माझा नमस्कार.

मी आनंदी रायरीकर, धायरीहून आले आहे. समितीत पाच सदस्य, त्यांतली एक महिला असावी असा नियम. ती एक मी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आभार' असं छापलंय आणि खाली बारीक अक्षरात 'दोन मिनिटे'. आधीच्या वक्त्यांपुढेही 'पाच मिनिटे' असंच छापलं होतं. त्यांनी ते ज्या उदारपणाने वाचलं, त्याच उदारपणाने मीही वाचणार आहे. घोलप साहेब घड्याळ बघतायत. बघा साहेब, ती सवय चांगली. त्याच्या शेजारी वारही बघावा, एवढंच आज मला सांगायचंय.

सुरुवात गुणगौरवाने करते, कारण तशी रीत आहे. बद्रीनाथरावांनी पाच वर्षांत एकशे चौदा पाहण्या केल्या. शहरात जिथे जिथे अनुदानावर काही सेवा चालते, बालवाडी, शिवणवर्ग, पाळणाघर, म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र, तिथे तिथे ते स्वतः गेले. हातात छापील तक्ता, खिशाला दोन पेनं. येरवड्याच्या विरंगुळा केंद्रात त्यांनी कॅरमच्या सोंगट्या मोजल्या होत्या. मी साक्षीला होते. एक काळी सोंगटी कमी निघाली. तिच्यासाठी केंद्राला तीन पत्रं गेली. शेवटी तिथल्या एका आजोबांनी शर्टाचं काळं बटण तोडून डब्यात टाकलं आणि कळवलं की संख्या पूर्ण आहे. पुढच्या पाहणीत बटण मोजलं गेलं आणि शेरा पडला, 'समाधानकारक'.

हसा, हसायला हरकत नाही. बद्रीनाथरावही हसतायत. एक सोंगटी ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांच्या नजरेतून काय सुटू शकतं, याची गोष्ट पुढे आहे.

मला समितीत कसं घेतलं, ते थोडक्यात सांगते. आमच्या भजनी मंडळाच्या वह्या मी ठेवते. मॅट्रिक झालेय, अक्षर बरं आहे. बद्रीनाथराव घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, महिन्यातून एखाद्या शनिवारी गाडी येईल, बसायचं. काही बोलावं लागणार नाही." आमचे हे आतून म्हणाले, "मग ही टिकेल असं वाटत नाही." पण मी टिकले. दोन वर्षं बोलले नाही. देवापुढे बसल्यासारखी गाडीत बसले आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. दोन वर्षांचं साठलेलं आज निघालं, तर दोष त्या चहाला द्या.

आता मार्केट यार्डाचं पाळणाघर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कांदा-बटाटा विभागाच्या मागे एक खोली आहे. कांदा निवडणाऱ्या बायका पहाटे पाचला कामावर येतात, त्यांची लहान मुलं दुपारपर्यंत त्या खोलीत असत. पत्र्याचा झोका, चटया, भिंतीवर गेरूने काढलेला मोर. सांभाळायला कमरजहां आपा. आपांचं घर भवानी पेठेत, चार पिढ्यांपासून. मुलं बहुतेक वाशीम, यवतमाळकडून पोटासाठी आलेल्यांची. आपांनी त्यांना शुभंकरोती शिकवली, कारण एका आईने तसं सांगितलं होतं. एका मुलाला कलमा येतो, कारण त्याच्या आईनेही सांगितलं होतं. बाकीच्यांना दोन्ही येतं आणि देवाची अजून तक्रार आलेली नाही.

या पाळणाघराची आम्ही चालू २००६ साली तीनदा पाहणी केली. सात जानेवारी, आठ एप्रिल, आठ जुलै. तिन्ही वेळा गाडी सकाळी अकराला पोचली. तिन्ही वेळा रस्ता मोकळा होता. गाळ्यांची शटरं खाली, हातगाड्या उलट्या करून ठेवलेल्या, कुत्री निवांत रस्त्याच्या मधोमध झोपलेली. आमच्यातले एक सदस्य म्हणालेसुद्धा, "वा, आज इकडे ट्रॅफिक नाही." आम्ही पाच जण, एकूण वय तीनशेच्या आसपास, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की एवढा मोठा बाजार असा का झोपलाय.

खोली मात्र उघडी असे. फरशी पुसलेली, चटया गुंडाळलेल्या. दारात आपा उभ्या, एकट्या. समितीचं पत्र असायचं ना, 'पाहणीच्या दिवशी केंद्र उघडे ठेवावे.' ते वाचून ही बाई सुट्टीच्या दिवशी भवानी पेठेतून चालत येऊन कुलूप काढत असे.

पहिल्या पाहणीत आपा म्हणाल्या, "साहेब, शनिवारी बाजार बंद असतो. आया कामाला येत नाहीत, मग मुलं कुठून येणार?"

बद्रीनाथराव म्हणाले, "बाई, अडचणी लेखी द्या. तोंडी काही चालत नाही."

आपांनी लेखी दिलं. त्यांची शाळा उर्दूतली, म्हणून मुलीकडून, मिसबाकडून, शुद्ध मराठीत लिहून घेतलं. मी तो कागद नंतर पाहिला. आमच्या समितीच्या पत्रांत असतात त्यापेक्षा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कमी होत्या. विनंती एका ओळीची होती, पाहणी शनिवार सोडून कुठल्याही दिवशी करावी. समितीचं उत्तर गेलं, 'आपल्या अर्जाचा पुढील पाहणीच्या वेळी विचार करण्यात येईल. पुढील पाहणी शनिवार, दिनांक आठ एप्रिल.'

हे मी रचून सांगत नाही. एवढं चांगलं मला रचता येत नाही.

तर तक्त्यात एक रकाना असतो, 'उपस्थित लाभार्थी'. त्यात बद्रीनाथरावांनी तिन्ही वेळा सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला. निरंक. सरकारी कागद न वाचणाऱ्यांसाठी सांगते, निरंक म्हणजे काही नाही. शून्य म्हटलं तर निदान एक गोल काढावा लागतो. निरंक म्हटलं की तेवढेही कष्ट नाहीत. खाली पाच सह्या. पाचवी माझी.

मग समितीच्या बैठकीत शुभंकरने पडद्यावर चित्रं दाखवली. शुभंकर आमचा सर्वांत तरुण सदस्य, हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. पाहण्या शनिवारी ठेवल्या त्या त्याच्यासाठी, कारण त्याला शनिवार-रविवार सुट्टी. चित्रात तीन लाल ठिपके जमिनीला चिकटलेले. तो म्हणाला, "झिरो युटिलायझेशन." ठराव झाला की पाळणाघर एक सप्टेंबरपासून तात्पुरते बंद करावे आणि त्या खोलीत संगणक साक्षरता केंद्र काढावे, त्याच्या कंपनीचे जुने संगणक मिळणार आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. भजनी मंडळामुळे मला ती सवय आहे, समोर काय चाललंय ते न बघताही टाळी वाजते.

नवरात्राच्या आधीच्या गुरुवारी मी मंडळासाठी नारळ आणि गूळ आणायला मार्केट यार्डात गेले. होलसेलला बरं पडतं. खरेदी झाली आणि बस धरायला म्हणून मी कांद्याच्या गाळ्यांमधून निघाले. तेच गाळे. पण पाय ठेवायला जागा नाही. ट्रक, पोती, हमालांचं "बाजू, बाजू". आणि एका गाळ्याच्या शटरच्या कडीला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक पोर. दोनेक वर्षांची मुलगी. कमरेला नायलॉनची दोरी, हातात कांद्याची पात. दोरीच्या परिघात जेवढं जाता येईल तेवढं जाऊन ती परत फिरत होती. चार हातांवर एक ट्रक मागे येत होता.

आई शेजारीच कांदे निवडत होती. मी तिच्यावर ओरडले. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा तिच्यावरच ओरडले. "अगं, लेकराला गुरासारखं बांधतेस? आई आहेस की कोण?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "सोडू का मंग? ट्रकवाला मांगं पाहत नाही, मावशी."

"मग घरी का नाही ठेवत?"

"घरी कोन हाय? मी कामाले जाऊ का पोरीले राखू? आधी आपाकडे ठेवत होतो. ते कमिटीवाल्यायनं बंद केलं."

मी विचारलं, "का बंद केलं?"

ती हसली. हे हसणं मी विसरणार नाही. म्हणाली, "म्हने पोरंच नाहीत."

त्या बाईचं नाव मुक्ताई. मुलीचं नाव पूर्णिमा. दोघी आज या सभागृहात आहेत. मी कोण, हे तिने मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नारळाची पिशवी घेऊन मी पळाले, असंच म्हणायला हवं.

घरी आले आणि वही उघडली. माझ्या वहीत रोजचा दिवस असतो, तिथी, वार, देवाचं काय केलं, घरात काय आलं. तिन्ही तारखा काढल्या. सात जानेवारी, शनिवार, मारुतीला तेल, उपास, समितीचे बटाटेवडे डब्यात घालून आणले, ह्यांनी खाल्ले. आठ एप्रिल, शनिवार, उपास, वडे ह्यांनी खाल्ले. आठ जुलै, शनिवार, उपास, वडे ह्यांनी खाल्ले, रात्री पित्त. म्हणजे वार मला ठाऊक होता, मंडळी. माझ्या पोटाला ठाऊक होता. मारुतीसाठी मी वार पाळला आणि सही करताना मात्र विसरले. मारुतीने माझं तेल कोणत्या रकान्यात मांडलं असेल, ते त्यालाच माहीत. निरंक लिहिलं असेल तर मला बोलायला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी मी बद्रीनाथरावांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "वहिनी, तुमची भावना समजते. पण अहवाल वस्तुस्थितीवर असतो. आपण गेलो तेव्हा मुलं होती का? नव्हती. मग निरंक चूक कसं?"

निगुडकर वहिनी, तुम्ही या गृहस्थांबरोबर चाळीस वर्षं संसार केलात. सत्कार खरं म्हणजे तुमचा व्हायला हवा.

मग शुभंकरला फोन केला. तो म्हणाला, "काकू, मी डेटाच्या बाहेर कसा जाणार? तिन्ही रीडिंग्ज सेम आहेत."

मी म्हटलं, "बाळा, तू शनिवारी ऑफिसात असतोस का?"

"नाही."

"मग उद्या कोणी तीन शनिवार येऊन तुझी रिकामी खुर्ची मोजली आणि लिहिलं की या कंपनीत कोणी कामच करत नाही, तर?"

तो म्हणाला, "शिट." हा शब्द सभेत उच्चारल्याबद्दल क्षमस्व, पण आमच्या समितीने पाच वर्षांत काढलेला तो पहिला बरोबर निष्कर्ष होता.

बघा, सुट्टी शुभंकरलाही शनिवारी आणि मुक्ताईलाही शनिवारी. फरक इतकाच की त्याच्या सुट्टीला आपण समाजसेवा म्हटलं आणि तिच्या सुट्टीला गैरहजेरी.

आता आजचं सांगते. बद्रीनाथरावांच्या खुर्चीजवळ एक हिरवी फाईल आहे. वहिनींना वाटलं असेल मानपत्र असेल. मानपत्र नाही. त्यात मार्केट यार्डाचं पाळणाघर कायमचं बंद करण्याची शिफारस आहे. बद्रीनाथरावांची मुदत परवा सोमवारी संपते, त्याआधी ती वर जायची आहे. नियमाप्रमाणे पाचही सह्या लागतात. चार झाल्या आहेत. शुभंकरची सही आमच्या फोनच्या आधीची आहे. ती मागे घेण्याचं पत्र त्याने काल दिलं, त्याला आवक क्रमांकही पडला. आता त्याचा 'पुढील पाहणीच्या वेळी विचार' होईल. राहिली माझी. मला निरोप मिळाला की, "चहाच्या वेळी तेवढी सही करून टाका."

चहाच्या वेळी मी सही करणार नाही. जेवणाच्या वेळीही करणार नाही. आजही शनिवार आहे, मला उपास आहे, तेव्हा चहा-वड्यांनी मला विरघळवता येईल, ही आशा कोणी ठेवू नये.

पण सही न करून पाळणाघर उघडत नाही, हेही मला कळतं. तात्पुरतं बंद म्हणजे आपल्याकडे किती तात्पुरतं असतं, ते सर्वांना माहीत आहे. उघडायला नवी पाहणी लागते आणि नवा शेरा लागतो, तोही अध्यक्षांच्या हातचा. म्हणून मी काय केलं, ते सांगते. मगाशी एक वक्ते म्हणाले की एवढ्या संख्येने सामान्य जनता आली, हीच बद्रीनाथरावांच्या कार्याची पावती. जनता आली आहे, हे खरं. मी बोलावली आहे. शनिवार ना, यांना सुट्टी असते. चार दिवस मी आणि आपा गाळ्यागाळ्यांतून फिरलो आणि सांगितलं की साहेबांना मुलं सापडत नाहीयेत, तुम्हीच घेऊन या.

शुभंकर, उठता का जरा? मागे जा आणि मोजा. पडद्यावर नको, बोटाने मोजा. नाही, घोलप साहेब, वेळ लागणार नाही, तो इंजिनिअर आहे.

किती? तेवीस? खांबाच्या मागे बघा. आपांच्या मांडीवर एक झोपलंय, तेही धरा. सव्वीस.

बद्रीनाथराव, सव्वीस. काळी सोंगटी एक होती.

मला माहीत आहे, ही पाहणी नियमात बसत नाही. पाहणी केंद्रावरच व्हावी लागते, ते कलम मीही वाचलंय. म्हणून विनंती करते. परवा सोमवार. आपली मुदत संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत आहे. सकाळी सहाला आपण मार्केट यार्डात या. अकराला नको, सहाला. गाडी नसली तर स्वारगेटवरून पीएमटी आहे, मी धायरीहून निघून थांब्यावर उभी राहीन. आपा कुलूप काढतील, त्यांना ती सवय आम्हीच लावली आहे. एकशे पंधरावी पाहणी करा. रकाना तोच, पेन तेच, अक्षर आपलं सुंदर आहे. त्यात जे दिसेल ते लिहा. त्याखाली मी आनंदाने सही करीन आणि आधीच्या तीन सह्या चुकीच्या होत्या, असं माझ्या हाताने लिहून देईन. आपण आला नाहीत, तरी मी मंगळवारी नव्या अध्यक्षांच्या दारात बसेन. पण मग एकशे चौदाव्या पाहणीवर आपली कारकीर्द संपली, असं लोक म्हणतील आणि ती कशावर संपली, तेही सांगतील.

सत्कारात शाल आणि श्रीफळ देतात. ते आपल्याला मिळालं. त्याच्याबरोबर पूर्णिमाची ती दोरी ठेवावी, असं माझ्या मनात होतं. मी मुक्ताईकडे मागितली. ती म्हणाली, "नाही मावशी, उद्या रविवार, मोठा बाजार असते. लागन मले." म्हणून आणता आली नाही. ती उणीव समजून घ्यावी. सोमवारी आपण आलात, तर मंगळवारी दोरी मोकळी होईल, मग घरपोच करीन.

आता ज्यासाठी मला उभं केलं ते काम. सभागृह दिल्याबद्दल व्यवस्थापकांचे आभार, अध्यक्षस्थान भूषवल्याबद्दल आणि घड्याळ खिशात घातल्याबद्दल घोलप साहेबांचे आभार, मांडववाल्यांचे, माइकवाल्यांचे आभार, सुट्टीचा दिवस घालवून आलेल्या आयांचे आभार. कमरजहां आपांचे आभार मानायला माझं तोंड अजून तयार नाही, ते सोमवारनंतर मानीन. बाहेर वडे आहेत. दर वेळी उरतात, आज उरणार नाहीत, तेव्हा मान्यवरांनी मुलांच्या मागे रांग लावावी.

आमच्या वह्यांमध्ये शेवटी एक ओळ लिहितात, चूक भूल देणे घेणे. बोलण्याच्या भरात मानापमानात काही उणंअधिक झालं असेल, ती माझी भूल. ती आपण सर्वांनी पोटात घालावी, एवढी हात जोडून विनंती. चूक मात्र पोटात घालू नये. ती निम्मी माझी आहे, निम्मी बद्रीनाथरावांची, आणि परवा सकाळी सहा वाजता ती दुरुस्त होते.

नमस्कार.